जमातीची परवानगी, ना हरकत दाखला, बहिष्कार: धर्मगुरूंनी घरात डोकावलं तर कायद्याने काय करता येतं?

पूर्वरंग

प्रवचनात काय सांगायचं ते धर्मगुरूंनी ठरवावं, त्याबद्दल वाद नाही. पण मुलीने काय घालावं, मुलाने कुणाशी लग्न करावं, फेसबुकवर काय लिहावं, कुणाच्या दुकानातून माल घ्यावा, यावरून लग्नाचा दाखला किंवा दफनाची परवानगी अडवली जाते तेव्हा काय? गावकी आणि जातपंचायतीवर इथे आधी बरंच लिहून झालंय. हा धागा धार्मिक नेतृत्वापुरता.

एक विनंती, आपबिती इथे नको. त्यासाठी दुसरा धागा चालू आहे. इथे कायदा काय, कागद कुठले आणि गाडं कुठे अडतं, एवढंच लिहा.

सनदी

आधी यंत्रणा समजून घेऊ. धर्मगुरूचा धाक प्रवचनातून येत नाही, कागदातून येतो. लग्न, दफन, सभागृह, शाळा, कर्ज या पाच ठिकाणी कुणाची तरी सही लागते आणि ती सही एकाच माणसाच्या हातात असते.

मुंबईत ज्याची सर्वांत जास्त कागदपत्रं उपलब्ध आहेत ते उदाहरण दाऊदी बोहरा समाजाचं. वयात आल्यावर ‘मिसाक’ ही निष्ठेची शपथ. निकाह, दफन, यात्रा अशा कामांना ‘रझा’, म्हणजे दाईंची (समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू) किंवा त्यांनी नेमलेल्या स्थानिक आमिलांची (प्रतिनिधींची) परवानगी. देणी चुकती केल्याचा कागद म्हणजे ‘सफाई चिठ्ठी’. आणि हे मोडणाऱ्यावर ‘बरात’: सलाम बंद, व्यवहार बंद, घरच्यांनीही संबंध तोडायचे.

१९७०च्या दशकात उदयपूरमधला बोहरा सुधारणावादी आणि नेतृत्व यांच्यातला वाद चिघळल्यावर ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ या नागरी हक्क संघटनेने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९७९ सालचा. छळाच्या तक्रारींत तथ्य आहे असा त्याचा निष्कर्ष होता. समाजाच्या नेतृत्वाने त्या चौकशीला विरोध केला होता, तेही नोंदवून ठेवतो. असगर अली इंजिनीअर यांचं सुधारणावादी काम याच काळातलं.

यातला बराचसा दबाव तोंडी असतो. ‘तुम्हाला काढलं’ असं पत्र कुणी देत नाही. फक्त फॉर्म पुढे सरकत नाही.

कलमदान

कायद्याचा इतिहास थोडक्यात देतो, कारण तो माहीत नसेल तर तक्रार चुकीच्या पायावर उभी राहते.

१९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) बऱ्हाणपूर दर्ग्याच्या दाव्यात सांगितलं की दाईंना समाजबाह्य करण्याचा अधिकार आहे, पण मनमानी नाही. आरोप सांगायला हवा, बाजू मांडायची आणि चूक मान्य करून परत यायची संधी द्यायला हवी. त्या खटल्यातले बहिष्कार या कसोटीवर टिकले नाहीत.

मग १९४९ साली मुंबई राज्याने समाजबहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. कुठल्याही समाजाने केलेली बहिष्कृती रद्दबातल, आणि करणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत दंड. ५१वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने कायदा घटनाबाह्य ठरला. बहुमताचं म्हणणं: धार्मिक कारणावरून सभासदाला काढणं हा अनुच्छेद २६ (ख) खालच्या धार्मिक व्यवहाराचा भाग आहे. वेगळं मत देणारे होते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. माणसाला त्याच्याच समाजात अस्पृश्य करून टाकणारी प्रथा घटनेच्या संरक्षणाला पात्र नाही, असा त्यांचा रोख होता. निकालपत्र वाचायचं तर तेवढंच आधी वाचा.

१९८६ साली या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका दाखल झाली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२च्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न शबरीमला फेरविचारासाठीच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान १९४९चा कायदा महाराष्ट्राने स्वतःच मागे घेतला, कारण नवा आला होता.

दर्यासारंग

विरोधी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. कुठल्याही जिमखान्याला नियम असतात. मोडले की सभासदत्व जातं. धर्मसंस्थेला तो हक्क का नसावा? सभासदत्व हवं पण नियम नकोत, हे कसं चालेल? अनुच्छेद २६ काही शोभेला ठेवलेला नाही.

कलमदान

@दर्यासारंग, मुद्दा रास्त आहे आणि १९६२चं बहुमत जवळपास तुमच्याच बाजूचं. पण जिमखान्यातून काढलेल्या माणसाला त्याची बहीण घरी घेते, वाणी उधारी देतो आणि मेल्यावर जागा मिळते. इथे सभासदत्व जन्माने येतं आणि त्याला आयुष्य बांधलेलं असतं.

म्हणूनच २०१६चा महाराष्ट्र कायदा वेगळ्या खुंटीवर टांगलाय. पूर्ण नाव ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात एकमताने मंजूर, राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून अमलात. लोक त्याला ‘जातपंचायतीचा कायदा’ म्हणतात, त्यामुळे पोलीस ठाण्यातही ‘तुमची कुठे जातपंचायत आहे?’ असं विचारलं जातं. पण ‘समाज’ या शब्दाच्या व्याख्येत एका धर्माचे किंवा एका पंथाचे लोकही येतात. आणि कृत्य एकट्याने केलेलं असो की गटाने, दोन्ही चालतं. पाच पंच मोजायची गरज नाही. व्याख्येचं पान छापून सोबत न्या, निम्मा वाद तिथेच संपतो.

कलम ३ मध्ये बहिष्काराचे प्रकार दिलेत. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात भाग घेऊ न देणं, लग्न-अंत्यविधीचा हक्क नाकारणं, धंद्याचे संबंध तोडणं किंवा तोडायला लावणं, समाजाचं सभागृह, शाळा, दफनभूमी वापरू न देणं, मुलांना एकत्र खेळू न देणं, विशिष्ट पोशाखाची किंवा भाषेची सक्ती करणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्यालाही तेवढीच. दंडाची रक्कम पीडिताला द्यायची तरतूद आहे.

मध्यमा

आता वरच्या दोन्ही गोष्टी एकत्र धरून तक्रार कशी लिहायची ते बघा, कारण सगळ्यात जास्त केसेस इथेच मऊ पडतात.

‘मला धर्मातून काढलं’ असं पहिलं वाक्य लिहिलंत की समोरचा वकील १९६२चा निकाल काढतो आणि धार्मिक अधिकाराचा वाद सुरू होतो. त्यापेक्षा काय बंद झालं ते लिहा. अमुक तारखेला सभागृह मागितलं, नाकारलं. अमुक तारखेला अमुक गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली आणि कारण हे सांगितलं. मुलाला वर्गाबाहेर बसवून ठेवलं. बहिणीला तिच्या सासरी निरोप गेला. प्रत्येक घटनेला तारीख, जागा, हजर माणसं. धर्माचा अर्थ लावायला पोलिसांना सांगायचंच नाही.

तोंडी नकार कागदावर आणायची एक रीत आहे: अर्ज लेखी करा. ‘दिनांक अमुकसाठी सभागृह हवे आहे, नियमाप्रमाणे भाडे भरायला तयार आहे, सात दिवसांत लेखी कळवावे.’ एक प्रत ईमेलने, एक स्पीड पोस्टने पोचपावती घेऊन. उत्तर आलं तर पुरावा. नाही आलं तर पोचपावती पुरावा. अर्जात भांडणाचा एक शब्दही नको. त्रागा केलेला अर्ज पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं: नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. गटात ‘या घराशी संबंध ठेवू नका’ असा संदेश आला तर गट सोडू नका, फोन बदलू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक ज्याच्या ताब्यात फोन आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) भरायचं असतं. अर्जुन खोतकर यांच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र का अनिवार्य ते सविस्तर सांगितलं (तेव्हा ते जुन्या कायद्याचं ६५ ब होतं). मूळ फोनच मालकाने साक्षीच्या वेळी कोर्टात हजर केला तर प्रमाणपत्राशिवाय चालतं, पण तोवर फोन टिकला पाहिजे ना.

आणि ज्याने संदेश तुम्हाला ‘फॉरवर्ड’ केला त्याचं नाव तक्रारीत घालायच्या आधी त्याला विचारा. पुढचा बहिष्कार त्याच्यावर पडतो आणि साक्षीदार फिरतो.

सनदी

मध्यमा यांच्या प्रतिसादात पोलीस ठाण्याची भर घालतो.

गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे अदखलपात्र नोंद (एनसी) करून हातात पावती देणं चूक. तरी तेच होतं. ‘आपसात मिटवा, मौलवींना/फादरना बोलावतो’ हे दुसरं. तेव्हा नम्रपणे लेखी तक्रार आवक शिक्का मारून घ्यायची. शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षं असल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी लावता येते, त्यामुळे पहिल्या दिवशी एफआयआर झाला नाही म्हणून हडबडू नका. नोंदवायलाच नकार दिला तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात उपायुक्तांकडे पोस्टाने. त्यानंतरही काही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ (३) चा अर्ज, सोबत शपथपत्र. अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा जोडला नाही तर अर्ज तिथेच अडतो. बहिष्कार कायद्यात दंडाधिकाऱ्यांकडे थेट तक्रारीचीही वाट आहे.

मुदत विसरू नका. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची. ‘बहिष्कार अजून चालू आहे’ असा युक्तिवाद करता येतो, पण त्यासाठी अलीकडची एखादी ठोस घटना दाखवावी लागते. २०१९चा एक प्रसंग आणि त्यानंतर शांतता, अशी तक्रार टिकवणं अवघड.

बैठक भरणार आहे असं आधीच कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. बहिष्कार घालण्यासाठी जमणाऱ्या बैठकीला मनाई करण्याचा अधिकार त्यांना याच कायद्याने दिलाय. हे कलम वापरायचं कुणाला सुचतच नाही. सगळे बैठक झाल्यावर पळतात.

रानमेवा

लग्नाचं कुणी लिहिलं नाही अजून. सगळ्यात आधी तिथेच अडवतात.

मुस्लिम निकाहला काझी असलाच पाहिजे अशी कायद्याची अट नाही. १८८०च्या काझी कायद्यातच लिहिलंय की त्या कायद्यामुळे काझीची हजेरी आवश्यक ठरत नाही. प्रस्ताव, स्वीकार, साक्षीदार, मेहर, हे महत्त्वाचं. अडचण नंतर येते. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८च्या कायद्याखाली होते, ९० दिवसांत, नमुना ‘ड’, तीन साक्षीदार. त्या नमुन्यात लग्न लावणाऱ्याच्या सहीची जागा असते. जमातीने पाठवलेला माणूस सही देत नाही आणि कारकून ‘रकाना रिकामा’ म्हणून अर्ज परत करतो. म्हणून लग्न लावणारा सही देईल की नाही हे लग्नाच्या आधी ठरवा.

दुसरी वाट १९५४चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला असावा, नोटीस, ३० दिवस थांबणं, तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. नाही केलं तर नवी नोटीस. घोळ असा की नोटीस कार्यालयात लावली जाते आणि ती वाचायला लोक टपलेले असतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या मर्जीवर ठेवली, पण त्या निकालाच्या भरवशावर महाराष्ट्रात राहू नका. धमकी येईल असं वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ‘शक्ती वाहिनी’ निकालाचा (२७ मार्च २०१८, मर्जीने लग्न करणाऱ्या जोडप्यांच्या संरक्षणाबद्दलचा) हवाला देऊन पोलिसांच्या विशेष कक्षाकडे आधीच अर्ज द्या. निवारागृह आणि संरक्षण त्यात येतं.

आधीच झालेलं धार्मिक लग्नही याच कायद्याच्या कलम १५ खाली नोंदवता येतं. मात्र त्यासाठी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं, मुलीचंसुद्धा.

महत्त्वाचं: या कायद्याखाली लग्न किंवा नोंदणी केली की वारसा १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो (दोघेही हिंदू असतील तर नाही). मुस्लिम जोडप्यासाठी हा मोठा बदल आहे. एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं ही मर्यादाही मग राहत नाही. सही करण्यापूर्वी घरच्या मिळकतीचा विचार करा, नंतर ‘कुणी सांगितलं नाही’ म्हणू नका.

दर्यासारंग

माहितीपूर्ण. पण दफनाचं काय? लग्नाला महिनाभर थांबता येतं, मयताला नाही. कोर्टात कोण जाणार त्या वेळी?

मध्यमा

@दर्यासारंग, बरोबर. म्हणून ते काम आधी करून ठेवायचं असतं, घरात म्हातारं माणूस असेल तर आजच.

पहिलं, जमीन कुणाची? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. महापालिकेची किंवा सरकारने दिलेली जमीन असेल तर एक बाजू, खासगी विश्वस्त संस्थेची असेल तर दुसरी. संस्थेची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा (संस्थेची नोंद) आणि विश्वस्तपत्राची नक्कल घ्या. ‘समाजातील सर्व व्यक्तींसाठी’ असं विश्वस्तपत्रात असेल तर ‘परवानगी असलेल्यांसाठीच’ हा नियम कुणी, केव्हा, कुठल्या ठरावाने घातला हे विचारता येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देण्याची मागणी करता येते. फौजदारी तक्रारीपेक्षा अनेकदा हाच अर्ज लवकर हलतो, कारण विश्वस्तांना हिशेबतपासणीची भीती जास्त असते.

पारशी समाजातलं उदाहरण इथे उपयोगी. बॉम्बे पारसी पंचायतीने आंतरधर्मीय लग्नांशी संबंधित विधी केल्यावरून दोन धर्मगुरूंना डुंगरवाडीत (मुंबईतली पारशी अंत्यविधीची जागा) विधी करायला बंदी घातली होती. मार्च २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. विश्वस्त म्हणजे मालमत्तेचे राखणदार, धर्माचे न्यायाधीश नव्हेत, हा युक्तिवाद विश्वस्तपत्र हातात असेल तरच करता येतो.

दुसरं, ऐन वेळी. दवाखान्यात मृत्यू असेल तर नमुना ४, घरी असेल तर ४अ हे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. ते आणि ओळखपत्र हातात असेल तर महापालिकेच्या दफनभूमीला जमातीच्या चिठ्ठीची गरज नाही. कुणी फाटक अडवलं तर ११२ आणि तहसीलदार, दोघांनाही फोन. अंत्यविधीला जमलेल्यांना त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली वेगळा गुन्हा आहे. आणि बोलणी करायला एकच माणूस पुढे करा. चार भाऊ चार बोलले की ‘कुटुंबातच वाद आहे’ असं म्हणून पोलीस बाजूला होतात.

पुणेरी_पगडी_नसलेला

अवांतर: हे सगळं फक्त अल्पसंख्याकांत चालतं असं वाचणाऱ्याला वाटू नये. ऑक्टोबर १८९०, पुण्याचं पंचहौद मिशन, म्हणजे ख्रिस्ती मिशन; तिथलं खाणं-पिणं ब्राह्मणांना निषिद्ध. चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. यादीत रानडे, टिळक. ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद) माजलं, प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, त्यांनी चौकशी नेमली, पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. टिळकांच्या घरच्या कार्यांना भिक्षुक मिळेनासे झाले. म्हणजे तेव्हाही अडवलं ते घरच्या कार्यालाच. सनदींची यादी पुन्हा वाचा.

सनदी

@पगडी, अवांतर कसलं, नेमकं आहे.

पाचातलं कर्ज राहिलं. समाजाच्या संस्थेकडून बिनव्याजी कर्ज असेल, विश्वस्त संस्थेच्या इमारतीत घर असेल, मूल संस्थेच्या शाळेत असेल, तर तक्रारीच्या आधी याची यादी करा. कर्ज शक्य असेल तर फेडून ‘काही देणं नाही’ अशी लेखी पावती. घराचा करार भाड्याचा आहे, पागडीचा की लीव्ह-लायसन्सचा ते बघा. लायसन्स असेल तर संस्था ते पुढे चालू ठेवत नाही आणि त्याला ‘सूड’ म्हणून सिद्ध करणं कठीण जातं. तक्रार दाखल करायची वेळ शाळेच्या वर्षाच्या मध्यावर येऊ देऊ नका.

रानमेवा

एक प्रश्न. गुन्हा जामीनपात्र आहे ना? मग तक्रार करून उपयोग काय, लगेच बाहेर येतात.

कलमदान

हो, जामीनपात्रच आहे. आरोपी त्याच दिवशी सुटतो आणि पहिले पंधरा दिवस घरावर दबाव वाढतो. त्यामुळे जामिनाच्या वेळी साक्षीदारांशी संपर्क नको अशी अट मागायला सरकारी वकिलांना आधी भेटा. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा हे कलम अर्जात लिहून लवकरची तारीख मागत राहायचं.

पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड करता येते. बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात आणि त्यात काही गैर नाही. पण तडजोडीत ‘दोन्ही बाजूंचा गैरसमज दूर झाला’ एवढंच लिहून सही करू नका. काय पुन्हा चालू होणार ते तारखेसकट लिहून घ्या: सभागृह कधीपासून, दफनभूमीत नाव कधी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप त्याच गटात मागे घेणार की नाही, दुकानदारांना कोण सांगणार. आणि हे सगळं कोर्टासमोरच्या अर्जात, पंचांच्या वहीत नव्हे.